त्यांचा लवकर, आपला बरोबर

आमच्या घरमालकांच्या गच्चीवर डिशच्या छत्र्या उताण्या मांडून ठेवलेल्या असत आणि त्यांत सुकट वाळत असे. छत्र्या भाडेकरूंच्या, सुकट मालकांची. एकीत जवळा, दुसरीत वाकट्या, तिसरीत मालकीणबाईंचे वाल. आकाशातल्या लहरी झेलायला जी वस्तू कुठल्याशा कारखान्यात मोठ्या हुशारीने वाकवली होती, तिच्यात जवळा झकास वाळतो हा शोध लावणारा माणूस अख्ख्या भिवंडीत दुसरा नसावा. मालकांना या शोधाचा भलताच अभिमान होता. गच्चीवर कोणी कपडे वाळत घालायला गेलं की ते मागोमाग येत.

"बगा बाई, चारी बाजूनं ऊन लागतं. कंपनीवाल्यांना अक्कल असती तर मासली सुकवायलाच विकली असती."

मी शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून मालक मला 'बाई' म्हणत. आम्ही त्यांना 'मालक' म्हणत असू. गल्ली त्यांना मालक म्हणे, शेजारचा लूमवाला शेठ 'मालिक' म्हणे आणि त्यांची बायकोही त्यांना मालकच म्हणे. इतक्या तोंडांनी मालक म्हटल्यावर एखाद्याचं डोकं ठिकाणावर राहील अशी अपेक्षा करणं चूक आहे. अंजूरला त्यांची शेती होती. तिच्यावर गोदामं उभी राहिली आणि मालक भिवंडीत येऊन तीन मजले बांधून बसले. खाली ते दोघं, वर आम्ही भाडेकरू, आणि भिंतीला भिंत लावून शेठचा लूमचा कारखाना. तिथली खटखट इतकी सवयीची होती, की शुक्रवारी लूम बंद असले म्हणजे आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं.

मालकांना आयुष्यात कधी उशीर झाला नाही. असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या दिवाणखान्यातलं घड्याळ कायम मागे असे, आणि कोणी तसं सांगितलं तर ते म्हणत, "घड्याल मागं न्हाय, तुमी पुढं आलात." एकदा ठाण्याला नात्यातल्या लग्नाला निघाले आणि कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. पोहोचले तेव्हा लग्न लागून, जेवणं होऊन, मांडववाला खुर्च्या रचत होता. एखाद्याने ओशाळून आहेर हातात दिला असता. मालकांनी नवऱ्यामुलाच्या बापालाच धारेवर धरलं. "मुहूर्त लवकर धरला तुमी," म्हणाले. तो बिचारा माफी मागून मोकळा झाला, असं मालकीणबाईंनी मला हसत हसत सांगितलं होतं.

अशा माणसाच्या हाती टीव्हीचं भवितव्य गेलं आणि आमच्या बिल्डिंगीतून केबल उठली.

त्याचं कारणही मालकांना साजेसंच होतं. केबलवाल्याने त्यांना निरनिराळ्या पॅकेजांची माहिती दिली. मालकांना फक्त मॅच हवी होती आणि मालकीणबाईंना संध्याकाळी साडेसातची एक मालिका. त्या दोन गोष्टींबरोबर घ्यावी लागणारी बाकीची चॅनेलं ऐकून मालक भडकले. त्यांत अंगठ्या विकणारं एक होतं, पोट कमी करणारं एक होतं आणि दिवसभर एका बाबांचं प्रवचन दाखवणारंही एक होतं.

"मी बाजारात वालाची शेंग घ्याला गेलो," मालक त्या केबलवाल्याला म्हणाले, "तर तू मना पोतंभर भेंडी बांधून देनार? आन वर सांगनार का हाच पॅकेज हाय?"

इथवर मी मालकांच्या बाजूने होते. सगळं जग त्या वेळी हेच बोलत होतं, आणि इतक्या थोडक्यात कोणी बोललं नव्हतं. पण जगातली बाकीची माणसं कनेक्शन बंद करतात. मालक कोयता घेऊन गच्चीवर गेले आणि टाकीला बांधलेली केबलची वायर त्यांनी नारळाची झावळी तोडावी तशी तोडली. ती वायर पुढे मागच्या गल्लीत जात होती. मागची अख्खी गल्ली आमच्या दारात येऊन उभी राहिली. "माज्या गच्चीवरून जाते ती वायर माजी," एवढं बोलून मालकांनी दार लावून घेतलं. आमच्यासारख्या डिशवाल्यांना वाटलं, आपण सुटलो. दुसऱ्याच दिवशी आमच्या छत्र्या उताण्या झाल्या.

"नियम सगल्यांला सारका," मालक म्हणाले. "आन माज्या गच्चीवर छत्र्या कशाला? तुमच्या टीवीवर काय पाऊस परतो?"

मग नेट आलं. जिन्यात एक डबी बसवली, तिच्यावर दोन कान, आणि तिच्याभोवती मालकांनी जाळीचा पिंजरा ठोकून त्याला कुलूप घातलं. तिचा पासवर्ड ते कोणाला सांगत नसत. प्रत्येक भाडेकरूच्या घरी जाऊन स्वतः मोबाईलमध्ये घालून देत. "तोंड तिकरं करा," अशी आज्ञा होई. आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, आणि मालक एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत ते बोटाने दाबत. त्यामुळे बिल्डिंगमधल्या लहान पोरांनासुद्धा तो पासवर्ड पाठ होता. ही गोष्ट मालकांना सांगण्याची हिंमत कोणी केली नाही, कारण त्यांना तो फार गुप्त वाटत असे.

दिवाणखान्यात मालकांनी भिंतभर टीव्ही आणला होता. चित्र अडकलं आणि मधोमध ते गोल फिरायला लागलं की मालक हात वर करत. त्या गोलाला ते 'भोवरा' म्हणत. खाडीकाठी वाढलेला माणूस, पाण्यातला भोवरा त्याला ठाऊक. आणि भोवऱ्यात अडकल्यावर गडबड करायची नसते हेही ठाऊक. त्यामुळे टीव्हीवर भोवरा फिरू लागला की खोलीत कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, मोबाईल खिशातून काढायचा नाही. "तुमचे मोबाईल नेट पितात," असं ते डोळे वटारून सांगत. चांगली शिकलेली माणसं त्या भोवऱ्यासमोर श्वास रोखून बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यात मीही होते.

त्या टीव्हीच्या रिमोटमध्ये बोललं की टीव्ही ऐकतो, हे कळल्यापासून तर मालकांनी त्याला नोकरच करून टाकलं. एकदा मालकीणबाईंची मालिका काही केल्या सापडेना. मालकांनी रिमोट तोंडाला लावला आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात फर्मावलं, "शिरेल लाव!" टीव्हीने थोडा विचार केला आणि रव्याचा शिरा कसा करायचा ते दाखवायला सुरुवात केली. मालक पुन्हा ओरडले. आता अननसाचा शिरा आला. तिसऱ्यांदा ओरडल्यावर प्रसादाचा आला. मालकीणबाई शांतपणे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मालक, तो पन कामाचा हाय." दुसऱ्या दिवशी सगळ्या भाडेकरूंकडे वाटी वाटी शिरा आला.

पण ही गंमत झाली. खरी गोष्ट त्या साडेसातच्या मालिकेची होती.

ती मालिका मी बघितली आहे आणि तिच्याविषयी माझं मत मी राखून ठेवणार नाही. नायिका भरजरी साडी नेसून भाजी चिरायची. खलनायिका तिच्या मागे उभी राहून मनातल्या मनात मोठ्याने बोलायची, आणि ते तिथल्या कोणालाच ऐकू जायचं नाही. एक चहाचा कप सोमवारी उचलला तर बुधवारपर्यंत ओठांना लागायचा नाही. वर्गात एखाद्या मुलाने अशी गोष्ट लिहिली असती तर मी त्याच्या पालकांना बोलावलं असतं. तरीही केबल होती तोवर मी रोज साडेसातला खाली जात होते, कारण बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायका जात होत्या. मालकीणबाई दिवाणखान्यात लांब चटई अंथरून ठेवत. कोणी लसूण सोलायला आणायची, कोणी मेथी निवडायला. शेजारच्या लूमच्या आवाजामुळे टीव्ही मोठा करावा लागे, आणि टीव्हीच्या वर आमचं बोलणं. मालिका संपेपर्यंत कोणाच्या सासूचं दुखणं, कोणाच्या मुलीचं स्थळ, सगळं चटईवर येऊन जात असे. मालकीणबाईंना मूलबाळ नव्हतं. सकाळपासून त्या साडेसातची वाट बघत, आणि हे त्या लपवतही नसत.

नेट आलं आणि मालकांनी आम्हाला सांगितलं की आता मालिका कधीही बघता येईल. सकाळी, दुपारी, मनात येईल तेव्हा. हे त्यांनी असं सांगितलं जसं काही आमच्या गळ्यातला फास काढला. ते खरंही होतं. कोणी कुकर लावून बघू लागली, कोणी कपड्यांच्या घड्या घालताना, कोणी पोरांना झोपवून. प्रत्येकीच्या हातात आपापला मोबाईल. पहिले काही दिवस साडेसातला दोघीतिघी आल्या, मग एखादी, मग मालकीणबाईंची चटई नुसतीच अंथरलेली दिसू लागली.

"कवाबी बगता येतं," त्या मला एकदा जिन्यात म्हणाल्या. "मंग बायका कवा येनार?"

मी वीस वर्षं भाषा शिकवली. त्या सगळ्या नेटबद्दल याहून चांगलं वाक्य मी ऐकलेलं नाही.

मी मालकांना गाठून स्पष्ट सांगितलं. "मालक, नेट राहू द्या. पण खाली एक केबल परत घ्या. मालकीणबाईंना करमत नाही."

"तिला काय कमी हाय? जगातला सगला हाय त्या टीवीत."

"त्यांना जगातलं सगळं नकोय. साडेसात वाजलेले हवेत."

मालकांनी आपल्या मागे पडलेल्या घड्याळाकडे बघितलं. "वाजतात की," म्हणाले आणि छत्रीतली सुकट हलवायला गच्चीवर निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला. विक्षिप्त माणसाला लोक हसतात, आणि त्याच्या घरातलं माणूस ते हसणं ऐकत स्वयंपाक करत असतं.

समोरच्या बिल्डिंगीतल्या बायकांनी मालकीणबाईंना बोलावलंही होतं. तिथे केबल शाबूत होती. त्या गेल्या नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मी समोर गेलो तर यांचा टीवी कोन बगनार?" त्या बोलीत बाईमाणूसही 'गेलो' म्हणतं. एरवी माझ्या कानाला ते खटकायचं, त्या दिवशी खटकलं नाही.

समोरच्या बिल्डिंगीमुळेच मालकांचं पितळ उघडं पडलं. नेटवरची मॅच केबलपेक्षा थोडी मागून येते. हे कोणालाही माहीत आहे, आणि लूम चालू असेपर्यंत आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. पण एका शुक्रवारी लूम बंद होते आणि आमच्या टीव्हीवर गोलंदाज अजून चेंडू पँटला पुसत होता, तेव्हाच समोरून "आऊट!" अशी आरोळी आली. खोलीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मालक टीव्हीकडे बघत राहिले. गोलंदाज धावला, चेंडू पडला, फलंदाज खरोखरच आऊट झाला.

"तुमचा टीव्ही मागे आहे मालक," कोणीतरी म्हणालं.

मालकांनी अजिबात विचार केला नाही. "मागं न्हाय. त्यांचा लवकर हाय. आपला बरोबर हाय."

मी व्याकरण शिकवणारी बाई, मी आजवर त्या वाक्यात चूक काढू शकलेले नाही.

पुढे भारताची एक मोठी मॅच आली, सेमीफायनल, आणि ती नेमकी शुक्रवारी. मालकांनी सगळ्या बिल्डिंगला आमंत्रण दिलं. वडे सांगितले, खुर्च्या आणल्या. पण समोरच्या आरोळ्यांचं काय? मालक दुपार व्हायच्या आतच लूमवाल्या शेठकडे गेले. मी शाळेतून येत होते, फाटकाशीच दोघं उभे होते. मालकांच्या हातात सुक्या जवळ्याची पिशवी होती.

"सेठ, आज दोपरसे शामतक लूम चालू रखो ना. सब नहीं तो आधे."

"जुम्मे को?" शेठ थक्क झाले. "मालिक, जुम्मे को तो मेरे अब्बा के टाइम से लूम बंद रहता है. काम क्या है?"

"काम कुछ नहीं. खाली आवाज मंगता है."

शेठना क्षणभर काही कळेना. कळलं तेव्हा ते भिंतीला हात टेकून हसले. "मालिक, कारीगर लोग भी मॅच देखेंगे ना. और मैं खुद सामनेवाली बिल्डिंग में जा रहा हूँ. आपका लेट आता है."

मालकांनी जवळ्याची पिशवी परत आणली.

दुपारी दिवाणखाना भरला. मालकांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. घामाने सगळे निथळत होते. पण शुक्रवारच्या शांततेत बंद खिडकीला काय किंमत? समोर आरोळी उठायची, मग आमच्याकडे चौकार बसायचा. समोर 'अरेरे' व्हायचं, मग आमचा झेल सुटायचा. मालक दर वेळी मान न वळवता तेच वाक्य म्हणायचे. आवाज मात्र चढत गेला. लोक आधी हसले, मग कंटाळले. कोणाचं दूध गॅसवर राहिलं, कोणाला फोन आला, कोणाचं पोर रडायला लागलं. थोड्या वेळाने पाहिलं तर दूधवाले, फोनवाले, सगळे समोरच्या बिल्डिंगीत. शेवटी त्या सगळ्या खुर्च्यांमध्ये मालक, चटईवर लसूण सोलत मालकीणबाई, आणि मी. मी का थांबले ते सरळ सांगते. मालकांचं तोंड बघायला थांबले होते.

शेवटची विकेट हवी होती. समोर एकदम गलका झाला, पाठोपाठ फटाके. भारत जिंकला हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही कळलं. आमच्या टीव्हीवर मात्र कप्तान निवांत क्षेत्ररक्षण लावत होता. मालक खुर्चीच्या टोकावर आले होते आणि त्यांचं तोंड, जे बघायला मी थांबले होते, ते लहान मुलासारखं रडवेलं झालं होतं. मालकीणबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. दोन्ही हात गालांवर ठेवले आणि टीव्हीकडे डोळे लावले. गोलंदाज धावत आला. यष्ट्या उडाल्या.

"आयव!" मालकीणबाई ओरडल्या. "गेला, गेला! मालक, जिंकलो आपन!" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मालक उठून उभे राहिले आणि हसले. त्या मॅचचं सगळं सुख त्या खोलीत तेव्हाच आलं.

नंतर स्वयंपाकघरात, उरलेले वडे भरताना, मी त्यांना विचारलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"कललं व्हतं की. कान हायेत मना." त्या वड्यांवर झाकण ठेवत म्हणाल्या, "यांचा जरा मागून येतो, तर मी पन जरा मागून खुश होतो. काय बिघरतं?"

मला त्या क्षणी मालकांची आणखीनच चीड आली. या बाईने यांच्यासाठी जिंकलेली मॅच परत जिंकून दाखवली, आणि यांना तिच्यासाठी एक वायर जोडवत नव्हती.

पुढे आम्ही कल्याणला घर घेतलं आणि भिवंडी सुटली. जाण्याच्या दिवशी मालकांनी आमची छत्री गच्चीवरून आणून परत दिली, धुऊन पुसून. तरी तिला जवळ्याचा वास होताच.

मालकीणबाई गेल्याचं मला फार उशिरा कळलं. जुनी शेजारीण कल्याणच्या भाजीबाजारात भेटली, तिने सांगितलं. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि घरी आल्याच नाहीत. दिवस, कार्य, सगळं केव्हाच होऊन गेलं होतं. मी बाजारात पिशवी धरून उभी राहिले आणि रडले. मग तिथल्या तिथे ठरवलं की जायचं, आणि एक वाक्य त्या माणसाला ऐकवायचंच. ते वाक्य मी वाटेत घासूनपुसून तयार केलं: मालक, जगातलं सगळं दिलंत तिला, एक साडेसात तेवढे दिले नाहीत.

पोहोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. शुक्रवार होता, लूमची खटखट नव्हती. दार उघडंच होतं. मालक खुर्चीत बसले होते, वाळलेले, दाढी वाढलेली. समोर टीव्ही बंद. खाली लांब चटई अंथरलेली होती, बायकांसाठी अंथरत तशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिच्यावर कोणी नव्हतं.

"या बाई," मालक म्हणाले. "जरा थांबा."

मी उंबऱ्यातच थांबले. समोरच्या बिल्डिंगीतून त्या मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं. मालकांनी रिमोट उचलला आणि आपला टीव्ही लावला. थोडा भोवरा फिरला. आम्ही दोघंही हललो नाही. मग तेच गाणं आमच्याकडे सुरू झालं.

"खिरकीतून त्यांचा सुरू झालेला दिसला का मी लावतो," मालक म्हणाले. "घड्यालाचा भरवसा न्हाय."

"आता कधीही बघता येतं ना?" मी म्हणाले. माझा आवाज मला हवा होता तेवढाच बोचरा आला.

"येतं," मालक म्हणाले. "पन ती साडेसातलाच बगाची."

मी वाटभर घासलेलं वाक्य जिभेवर होतं. ते तसंच राहिलं. मालकांना ते सांगण्यात काही अर्थ नव्हता, ते रोज स्वतःच ऐकत होते. मग मी आले होते ते निमित्त तरी बोलून टाकावं म्हणून म्हणाले, "मला कळलंच नाही मालक. सगळे येऊन गेले, मला फार उशीर झाला."

मालकांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"उशीर न्हाय, बाई. ती लोकं लवकर आली. तुमी बरोबर आलात."

मी चपला काढल्या आणि चटईवर कडेला बसले, मालकीणबाईंची जागा सोडून.